कडकच्या बाजूला

पूल उतरताना जो पोलादी सांधा लागतो, त्याच्यावरून गाडी रोज नुसते खांदे उडवल्यासारखं करून पुढं जायची. त्या सकाळी ती आपटली. मोठं काही झालं नाही. कपातली कॉफीसुद्धा सांडली नाही. पण खालून एक कोरडा ठोका आला, सीटमधून वर चढला आणि नॅडीनच्या दाढेवर दाढ आपटली. शेजारी बसलेल्या कर्टनं ‘हं’ केलं. ओठ मिटलेले, आवाज नाकातून, अगदी हलका. कुणी काही सांगावं आणि आपण ‘कळलं’ म्हणून हुंकार द्यावा तसा. “लागलं?” तिनं विचारलं. “छे गं,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर सरोवराकाठच्या टोलेडोतला एप्रिल होता. नदी मातकट, गोदामांच्या सावलीत अजून काळपट बर्फाचे ढीग, आणि हिवाळ्यानं रस्त्यांना जागोजाग पाडलेली भोकं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नॅडीननं पाहिलंच नाही. तिची नजर त्याच्या हातांवर गेली. आयुष्याची निम्मी वर्षं ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात खरवडून साफ करत आली होती. तोंड उघडं ठेवून लोक मान हलवतात, नाही, दुखत नाही. आणि त्याच वेळी त्यांचे हात खुर्चीच्या दांडीवर खरं काय ते सांगत असतात. कर्टचा उजवा हात दाराच्या मुठीवर होता आणि नखं पांढरी पडली होती. पण ती दचकली ती त्या नखांमुळं नव्हे. काल संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं शॉक ॲब्सॉर्बर सैल करून गाडी मऊ करून ठेवली होती. चारही चाकांवर. मऊ केलेली गाडी अशी आपटत नाही.

त्याला व्यायामाच्या केंद्रापाशी सोडताना ती उतरून त्याच्या बाजूला गेली. गाडी इतकी बुटकी की तिच्यातून बाहेर पडायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं. त्यानं दोन्ही हात तिच्या खांद्यांवर टाकले, डोळे मिटले, आणि ती त्याला वर ओढत असताना कपड्याखालचा कमरेचा पट्टा करकरला. उभं राहिल्यावर त्यानं नेहमीसारखं तिच्या कपाळावर ओठ टेकले. “थँक यू हं, राणी.” हे थँक यू गेल्या ऑक्टोबरपासून सुरू झालं होतं. त्याआधी तो कधी कशाबद्दल आभार मानत नसे, तीही मानत नसे. मीठ सरकवल्याबद्दल नवरा-बायको एकमेकांचे आभार कशाला मानतील? आता तो मिठाबद्दल मानायचा, मोजे घालून दिल्याबद्दल मानायचा, दार उघडल्याबद्दल मानायचा, आणि प्रत्येक वेळी तिला कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं व्हायचं. त्याची पाठमोरी, काठी टेकत जाणारी, ताठ आकृती काचेच्या दारातून आत जाईपर्यंत ती उभी राहिली. मग दवाखान्याच्या मागच्या अंगणात गाडी लावून तिनं डिकी उघडली, कोपऱ्यातला गालिचा उचलला आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या माथ्यावरच्या अंगठ्याएवढ्या चाकीला हात लावला. चाकी कडकच्या बाजूला पार शेवटपर्यंत फिरलेली होती. दुसरीही तशीच. बॉनेट उघडून तिनं पुढच्या दोन पाहिल्या. त्याही.

स्वतःच्या बुटांच्या नाड्या त्याला बांधता येत नव्हत्या. जमिनीवर पडलेला चमचा उचलायचा तर तो तिला हाक मारायचा, किंवा चमचा तसाच पडू द्यायचा. आणि गॅरेजमधल्या गाडीतल्या या चाक्यांपर्यंत पोचायचं तर डिकीत कमरेतून वाकावं लागतं, आत हात घालून अंदाजानं चाचपावं लागतं. तिलाही ते करताना धाप लागे. तिनं आठवून पाहिलं. सकाळी ती आंघोळीला गेली होती तेव्हा तो स्वयंपाकघरात टोस्ट खात होता. बाहेर आली तेव्हाही तो तिथंच होता, टोस्ट तसाच अर्धा, कपाळावर घामाचे बारीक थेंब. ‘बरं वाटत नाही का?’ तिनं विचारलं होतं. ‘फार गरम करतेस तू घर,’ तो हसून म्हणाला होता.

खरं म्हणजे गाडीचं हे वेड तिचं एकटीचं होतं. कर्ट शाळेत मुलांचा बँड बसवायचा. त्याला गाडीतलं एवढंच कळायचं की ती कुठल्या सुरात वाजते. नॅडीन मात्र उन्हाळ्यात एक रविवार सोडून एक रविवार शहराबाहेरच्या बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये जायची. तिथं तिच्यासारखीच तीसचाळीस माणसं जमत. नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखत आणि एका वेळी एक गाडी, घड्याळाशी शर्यत. शंकू पाडला की दंड. ऑटोक्रॉस म्हणत त्याला. अख्खी फेरी मिनिटभराचीसुद्धा नसे. पण त्या मिनिटभरात ती कुणाची कुणी नसायची. दवाखाना नाही, घर नाही, वय नाही. फक्त पुढचा शंकू, त्याच्या पुढचा शंकू, आणि कमरेखालून हाताच्या तळव्यांत येणारी टायरांची कुजबुज. त्याच गाडीतून सोमवारी दवाखान्यात जायचं, दूध आणायचं, म्हणून तिनं वर्षानुवर्षं गाडीला हात लावला नव्हता. जुने शॉक ॲब्सॉर्बर मऊ होते. रस्त्यावर सुखाचे, पण वळणावर गाडी नावेसारखी कलायची. कडक घेतले तर गाडी वळणावर जमिनीला चिकटून राहणार, पण रोजच्या रस्त्यावरची खडी न् खडी थेट पाठीच्या कण्याला जाऊन सांगणार. “दोन्ही एकदम मिळत नाही, बाई,” क्लबातला विल्मर हाउक तिला म्हणायचा. हा विल्मर म्हणजे सगळ्यांच्या गाड्यांखाली लोळण घेणारा ढेरपोट्या गडी, सुरुवातीच्या रेषेवर निशाण घेऊन उभा राहायचा तो तोच. “तुला आधी ठरवायला पाहिजे, गाडी कुणासाठी आहे. तुझ्यासाठी की रस्त्यासाठी?” तिनं ठरवलं होतं. चाकीनं कमीजास्त कडक करता येणारे, चांगले जाडजूड स्प्रिंग असलेले चार शॉक ॲब्सॉर्बर मागवले होते आणि लहान मूल नाताळची वाट बघतं तशी ती पार्सलची वाट बघत होती.

पार्सल आलं त्या दिवशी कर्ट शिडीवर होता. छपराच्या पन्हळीत मेपलची पानं कुजून पाणी तुंबलं होतं. खाली शिडी धरून ती उभी होती. ऊन छान पडलं होतं, वरून ओल्या पानांचे गोळे धप्प धप्प पडत होते, आणि कर्ट मुलांना शिकवायची कुठलीशी धून तोंडानं वाजवत होता. मग पार्सलवाल्याची तपकिरी गाडी फाटकापाशी थांबली. लांबट, जड खोकं. तो माणूस ते एकट्यानं उचलायला बघत होता आणि खोकं एका कोपऱ्यावर तिरपं झालं होतं. “धर हं, मी जरा त्या टोकाला पोचतो,” वरून कर्ट म्हणाला. “धरलीय,” ती म्हणाली. तिला तिचा आवाज अजून ऐकू यायचा. त्या आवाजात काही खोट नव्हती. ते म्हणताना तिचा एक हात सुटलेलाच होता, दुसरा सुटत होता, आणि तोंड फाटकाकडे होतं. ‘अहो, जपून, कोपऱ्यावर नका टेकवू’ हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. ते तिनं उच्चारले की नाही हे तिला कधीच आठवलं नाही. मागं जो आवाज झाला तो मात्र एवढासा झाला. पोतं पडावं तसा.

हॉस्पिटलात त्यानं डॉक्टरांना सांगितलं, “पाय घसरला माझा.” ती बाजूला उभी होती. “शिडी कुणी धरली नव्हती का?” “होती ना. बायकोनं धरली होती. माझाच पाय घसरला.” डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. कर्टनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या क्षणी तिला वाटलं होतं, देवमाणूस आहे हा. पुढं कण्यात सळ्या बसल्या, हिवाळा आला, सरोवरावरचं वारं घराभोवती घोंघावत राहिलं, आणि तिच्या हळूहळू ध्यानात आलं की त्या एका वाक्यानं तिचं तोंड शिवून टाकलं आहे. त्यानं आरोप केला असता तर तिनं कबूल केलं असतं, रडली असती, भांडली असती. घर काही दिवस धगधगलं असतं आणि मग विझलं असतं. पण जे त्यानं म्हटलंच नाही त्याला उत्तर तरी काय देणार? एकदा भांडी विसळता विसळता तिनं धीर केला. “कर्ट, त्या दिवशी मी...” तो ताबडतोब म्हणाला, “ते नको आता. झालं ते झालं. सूप मस्त झालंय.” सूप डब्यातलं होतं.

त्याची व्हॅन त्यानं जानेवारीत भाच्याला देऊन टाकली. उंच, ऐसपैस, त्याच्या पाठीला झेपेल अशी तेवढी एकच गाडी घरात होती. नॅडीन दवाखान्यातून आली तर दारातली जागा रिकामी. “मला आता चालवता येत नाही, उगीच गंजत पडेल,” तो म्हणाला. “अरे पण तुला न्यायचं-आणायचं कशातून?” “तुझी आहे की.” “माझी? ती बुटकी? तुला त्यात बसता तरी येईल का?” “तू बसवशील,” तो म्हणाला आणि हसला. तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात पाल चुकचुकली. ते हसणं वाईट नव्हतं. मुलांकडून अवघड गत न चुकता वाजवून घेतल्यावर तो हसायचा तसंच होतं. म्हणूनच.

तळघरात पडून राहिलेलं ते पार्सलचं खोकं तिला परत पाठवायचं होतं. तिनं एक दुसरा संच शोधून ठेवला होता. मुद्दाम खराब रस्त्यांसाठी केलेला, जुन्यापेक्षाही मऊ. ऑटोक्रॉस सोडायचं तिनं मनाशी नक्की केलं होतं, कुणालाही न सांगता, एखादी वस्तू नदीत सोडून द्यावी तसं. पण फेब्रुवारीत एका रविवारी नाश्त्याला कर्ट लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसला होता आणि पडद्यावर स्प्रिंगांची चित्रं होती. “हे बघ,” तो म्हणाला, “तू घेतलेस तेच बरोबर आहेत. लोक म्हणतात, पुढचे मागच्यापेक्षा थोडे जास्त कडक ठेवायचे. नाहीतर वळणावर मागची बाजू फेकली जाते.” ती बघत राहिली. गेल्या काही आठवड्यांत त्यानं केवढं वाचलं होतं! तिला ठाऊक नसलेलं बरंचसं आता त्याला ठाऊक होतं. “मी ते परत पाठवतेय,” ती म्हणाली. “मऊ मागवतेय. तुझ्यासाठी.” “माझ्यासाठी?” त्यानं लॅपटॉप हळूच मिटला. “माझ्यासाठी तू आवडती गोष्ट सोडणार, आणि मग मी जन्मभर त्या मऊ गादीवर बसून ते बघणार? नको बाई.” “तुला त्रास होईल, कर्ट. या शहराचे रस्ते बघितलेस ना?” “होऊ दे की थोडा.” “का पण? का होऊ दे?” आवाज तिच्याही नकळत चढला. त्यानं सुरी उचलली. टोस्टवर लोणी लावत राहिला, कडेपर्यंत, सगळीकडे सारखं. मग म्हणाला, “एवढं मोठं पार्सल आलं घरी. वापर तरी होऊ दे त्याचा.” त्या एका वाक्यापलीकडे त्या दिवसाबद्दल तो कधीही काही बोलला नाही. ती रागानं उठली, पण राग दारापर्यंतसुद्धा टिकला नाही. मार्चमध्ये विल्मरनं आणि तिनं मिळून ते शॉक ॲब्सॉर्बर बसवले. कर्ट गॅरेजात उंच स्टुलावर बसून पाने हातात देत होता. “तुझा नवरा म्हणजे सोनं आहे, सोनं,” विल्मर गाडीखालून म्हणाला. “माझ्या बायकोनं पाना फेकून मारला असता.” कर्ट मोठ्यानं हसला. गाडीखालच्या अंधारात नॅडीनला फक्त त्याचे बूट दिसत होते, तिनंच नाड्या बांधलेले.

पूल उतरताना ठोका बसला त्या दिवशी तिनं चाक्या पुन्हा गुपचूप मऊ केल्या. दुसऱ्या सकाळी त्या कडक होत्या. संध्याकाळी तिनं मऊ केल्या. सकाळी कडक. हे असं चालू राहिलं. गॅरेजला कुलूप लावायचं तिच्या मनात यायचं, पण किल्ली लपवणं म्हणजे बोलणं झालं असतं. आणि आंघोळ टाळून स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसून राहणं म्हणजे त्याहून मोठ्यानं बोलणं. ती शॉवरखाली उभी राहायची, पाण्याच्या आवाजाआडून ऐकायचा प्रयत्न करायची: गॅरेजचं दार, काठीची टकटक, डिकीचं झाकण. काही ऐकू यायचं नाही. डोळ्यांसमोर मात्र तो दिसायचा. डिकीत कमरेतून वाकलेला, गालिचाखाली हात, कपाळावर ताणलेली शीर, आणि चाकीचा एकेक खटका मोजून ऐकणारा तो सराईत कान. एवढं दुखणं तो कशासाठी सोसत होता? आणखी दुखावं म्हणून? तिच्यासमोर दुखावं म्हणून?

गाडीत बसल्यावर ती त्या ‘हं’ची वाट बघू लागली. रेल्वेचे रूळ, हं. चर्चजवळचा खचलेला चौक, हं. दर वेळी तोच सूर. तिला सुरांतलं कळत नव्हतं तरी एवढं कळायचं की तो बदलत नाही. दवाखान्यात एकदा खुर्चीवरच्या म्हाताऱ्या बाईंनी सहज ‘हं’ केलं आणि नॅडीनच्या हातातलं हत्यार जागच्या जागी थांबलं. “काय झालं गं बाई?” त्यांनी तोंड पुसत विचारलं. “काही नाही. तुम्हाला दुखलं का?” “नाही. मी तर तुला हो म्हणत होते.” घरी येताना ती लांबचा, गुळगुळीत रस्ता घ्यायची. खड्ड्यांच्या जागा तिला पाठ झाल्या होत्या. शंकूंमधून गाडी काढावी तशी ती त्यांच्यामधून गाडी काढायची, त्याची पाठ जराही हलू न देता, आणि आपल्याच कौशल्याचं तिला बरं वाटायचं. अशाच एका दुपारी काचकारखान्याच्या मागच्या रस्त्यावर तिनं एक खड्डा लांबूनच पाहिला. ताटाएवढा, कडा तुटलेल्या. तो टाळायला भरपूर जागा होती. तिनं तो पाहिला, हात स्टिअरिंगवर होते, आणि तिनं वळवलं नाही. उजवं चाक धाडकन आत गेलं, बाहेर आलं. गाडी अख्खी शहारली. तिला काय हवं होतं ते तिला त्याच क्षणी लख्ख कळलं. तिला त्यानं ओरडायला हवं होतं. आई गं म्हणावं, शिवी द्यावी, डोळे दिसत नाहीत का म्हणून खेकसावं. कर्टनं ‘हं’ केलं. तोच सूर, किंचित लांब. थोड्या वेळानं, श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, “गाडी छान पकडतेय रस्ता. नाही?” “हो,” ती म्हणाली. मग घरापर्यंत दोघं एखाद्या कामात जोडीनं हात घातल्यासारखी गप्प बसून राहिली. त्या रात्री तिला झोप चांगली लागली. याचंच तिला दुसऱ्या दिवशी भय वाटलं.

मेमधला पहिला रविवार आला. ती हेल्मेट पिशवीत घालत होती तेव्हा कर्ट कपडे करून दारात उभा होता. “मी पण येतो.” “उन्हात खुर्चीवर बसून राहशील दिवसभर?” “खुर्चीवर कशाला? तुझ्या शेजारी बसेन. माणसाला शेजारी बसवायला परवानगी असते ना?” परवानगी होती. नवशिक्याला शेजारी बसवून फेरी दाखवायची रीतच होती. “नाही,” ती म्हणाली. “का?” का ते ती कसं सांगणार होती? “डॉक्टरांनी...” “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगाला झेपेल ते करा.” तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला, हात पुढं करून, तिनं आत बसवण्याची वाट बघत.

मॉलच्या भिंतीवरून दुकानांच्या पाट्या काढून नेल्या होत्या, पण नावं जिथं होती तिथला रंग कमी विटला होता आणि उन्हात ती अजून वाचता येत. डांबराच्या भेगांतून गवत वर आलं होतं. वाऱ्यानं रिकामे कप गडगडत होते. एकेक गाडी किंचाळत फेरी पुरी करत होती, आणि पांढऱ्या पाटीवर फेरीच्या वेळेचे लाल आकडे पेटत होते. विल्मरनं कर्टला हेल्मेट घालून उभा पाहिला आणि निशाण काखेत मारून आला. “हे काय रे? तुझ्या पाठीत लोखंड आहे ना?” “म्हणून तर. मोडायचं नाही ते.” “थट्टा नको, कर्ट. नॅडीन, तुला चालणार आहे हे?” नॅडीननं काही म्हणायच्या आत कर्ट म्हणाला, “तिला काय विचारतोस? सही मी करणार आहे.” आणि ‘काही झालं तर जबाबदारी माझी’ अशा क्लबच्या कागदावर त्यानं सुरेख, तिरप्या अक्षरात सही केली. विल्मर तिच्याकडे बघत राहिला. ती हो म्हणेल की नाही म्हणेल याची तीही त्याच्याइतकीच वाट बघत होती. तिनं हेल्मेट डोक्यात चढवलं, तेव्हा त्यानं खांदे उडवले. “हळू काढ,” तो तिला म्हणाला. “फिरायला नेल्यासारखी.”

रांगेत पुढं दोन गाड्या होत्या. काचा खाली, इंजिनाची धग गुडघ्यांवर. हेल्मेटमध्ये कर्टचा चेहरा लहान, पोरकट दिसत होता. पट्टा तिनंच आवळला होता. “चाक्या तू फिरवतोस ना रोज?” समोर बघत तिनं विचारलं. इतके दिवस जे अशक्य होतं ते हेल्मेटच्या आत अगदी सोपं झालं होतं. स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा वाटत होता. “हो,” कर्ट म्हणाला. “का?” पुढची गाडी सुटली. त्यांनी आपली एक गाडीभर पुढं घेतली. “तू मऊ करतेस म्हणून.” “मी तुला सांभाळते रे. तुला लागू नये म्हणून...” “तेच,” तो म्हणाला. “तू सांभाळायला लागलीस की मला भीती वाटते, नॅडीन.” त्यात कडवटपणा नव्हता. तो हे तिला सांगतही नव्हता जणू, नुसतं स्वतःशी तपासून बघत होता. “मऊ असली की मला कळत नाही तू कुठं आहेस. गाडीत आहेस की दुसरीकडे बघतेयस. कडक असली की सगळं कळतं. तू खड्डा टाळलास तर कळतं.” मग म्हणाला, “नाही टाळलास तरी कळतं.” तिचे कान हेल्मेटमध्ये तापले. काचकारखान्यामागचा तो रस्ता, तो ताटाएवढा खड्डा. त्यालाही तो लांबूनच दिसला होता तर. दुसरी गाडी सुटली. “मग बोलला का नाहीस?” “तू तरी कुठं बोललीस?” समोर विल्मरनं त्यांना रेषेवर बोलावलं. त्यानं तळहात खाली दाबून पुन्हा खूण केली, हळू, हळू. मग निशाण फडकलं.

हळूच काढायची होती. पहिला टप्पा सरळ, तिथं तिनं खरोखरच पाय जपून ठेवला, त्याच्या पाठीचा विचार केला, सळ्यांचा विचार केला. पहिला शंकू आला. गाडी वळली. कलली नाही, डुलली नाही. कुणी बोटानं दाखवावं तिकडं गेली. असं कधी झालं नव्हतं. जुन्या गाडीला विचारावं लागे, विनवावं लागे, ती उशिरा होकार द्यायची. हिला विचारायच्या आत कळत होतं. दुसरा शंकू, तिसरा, डावीकडे, उजवीकडे. तिचा पाय आपोआप खाली गेला. मग मोठं वळण आलं, जिथं वर्षानुवर्षं ती कच खायची, आणि या वेळी तिनं खाल्ली नाही. टायरांचा सूर चढत गेला, तळव्यांत डांबराचा कण न् कण आला, जग आकसून पुढच्या नारिंगी ठिपक्याएवढं झालं आणि तो ठिपका तिच्याकडे धावत आला, बाजूनं निसटला, दुसरा आला. तिला आनंद होत होता असंही म्हणता आलं नसतं. आनंद व्हायला लागणारं कुणी तिथं नव्हतं. शेवटच्या दाटीच्या शंकूंमधून गाडी सुईतून दोरा काढावा तशी निघाली, रेषा ओलांडली, आणि तिनं दोन्ही पायांनी गाडी उभी केली.

पाटीवर आकडा पेटला. इतक्या वर्षांत तिची फेरी त्याच्या जवळपासही कधी गेली नव्हती. एकही शंकू पडला नव्हता. कडेला उभी असलेली माणसं टाळ्या वाजवत होती; लांबून विल्मर निशाण टाकून धावत येताना दिसत होता. ती आकड्याकडे बघून हसली, आणि हसता हसता तिला जाणवलं की शेजारच्या सीटवर माणूस आहे. पहिल्या शंकूपासून या रेषेपर्यंत तो नव्हताच. ती त्याला विसरली होती असं नव्हे. विसरायला आधी लक्षात असावं लागतं. त्या सबंध वेळात त्यानं हुंकार दिला की किंकाळी फोडली, तिला सांगता आलं नसतं. तिला वाटलं, मान वळवू नये. वळवली नाही तर हे अजून घडलेलं नाही. मग तिनं वळवली.

कर्ट ताठ बसला होता. चेहरा पीठ फासल्यासारखा, ओठ चावलेले, हनुवटीवरून रक्ताचा बारीक ओघळ. दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते, तळवे वर. दाराची मूठ त्यानं धरली नव्हती, काहीच धरलं नव्हतं. गालांवर ओल होती. घामाची की कशाची, कळत नव्हतं. तो तिच्याकडेच बघत होता आणि किती वेळ बघत होता कोण जाणे. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा त्याच्या नजरेत ते गोड, आभारी काही नव्हतं. ती उघडी नजर होती, भुकेली, जवळजवळ आनंदी. “कर्ट,” ती म्हणाली, “अरे, कर्ट...” तो ओठ हलवू लागला. शब्द यायला वेळ लागला. विल्मरचे बूट आता अगदी जवळ वाजत होते. तो ओरडत होता, “थांब! इंजिन बंद कर! त्याला हलवू नकोस!”

“पुन्हा,” कर्ट म्हणाला.

ती ‘नाही’ म्हणणार होती. विल्मरचा हात खिडकीच्या चौकटीवर पडला, तेव्हा गाडी हलकेच पुढं सरकली आणि तो हात निसटला. मागच्या आरशात विल्मर दोन्ही हात वर करून लहान लहान होत गेला. नॅडीननं गिअर बदलला आणि गाडी रांगेच्या शेवटी नेऊन उभी केली.